बोरघळची गोधडी आणि मधली रिकामी जागा

भाविकहो, महाराजांचं खरं नाव काय, ते कुठले, कुणाचे, हे बोरघळात कुणालाच ठाऊक नव्हतं. गावाबाहेरच्या ओढ्याकाठी एका करंजाच्या झाडाखाली ते येऊन बसले आणि बसलेच. लोकांनी आपलं नाव ठेवलं, ओढेबुवा महाराज. नाव ठेवलं तरी महाराज हाकेला ओ देतीलच असं नाही. मनात आलं तर बोलत, नाहीतर पाण्यात पाय सोडून तासन्‌तास गप्प. आणि बोलले तरी ऐकणाऱ्याच्या पदरात अर्थ पडेलच याची खात्री कोण देणार?

मार्गशीर्षातली थंडी होती. दत्तजयंती तोंडावर आलेली. आरती झाली आणि महाराज एकाएकी म्हणाले, "गावाची एक गोधडी करा. घरोघरचं एकेक कापड घ्या. पौर्णिमेच्या आत करा."

कुणासाठी, ते काही सांगितलं नाही. सगळ्यांनी आपापल्या मनाने ठरवून टाकलं, की गोधडी महाराजांच्याच अंगावर पडणार! बायकांमध्ये आनंदीआनंद झाला. आणि मग महाराजांनी बोट केलं ते हौसाकडे. "ही माय निवडील कापडं."

हौसा दचकून मागे सरली. देवळामागच्या खोपटात ती एकटी राहायची आणि लोकांच्या गोधड्या शिवून पायलीभर जोंधळे मिळवायची. हाताने चलाख, पण डोक्याने? ती स्वतःच म्हणायची, "माझं डोस्कं म्हंजी गुताडा झालेला दोरा. एक टोक गावतंय तर दुसरं हरवतंय." लोक देतील ती कापडं घ्यायची आणि सांगतील तशी जोडायची, एवढीच तिला सवय. निवड करायची वेळ जन्मात कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून देवळाच्या ओसरीवर कापडांचा ढीग पडायला लागला. लोहाराकडून ठिणग्यांनी भोकं पडलेलं धोतर आलं. तेल्याकडून आलेल्या बंडीला घाण्याचा वास होता. कुणी बाळाची कुंची आणली, कुणी पटका, कुणी खण. एकेका घरातून चार-चार कापडं यायची आणि प्रत्येक जण हौसाला विचारायचा, "यातलं कुठलं घेतेस?"

हौसाला घाम फुटायचा. सुतारीण म्हणाली, "माझ्या सासऱ्याचं धोतर घे गं, तेवढीच म्हाताऱ्याची आठवण." ते घेतलं, तर गावातली जाणती गजरामावशी डोळे वटारून उभी! "अगं, मेलेल्या माणसाचं कापड? महाराजांच्या अंगावर? शुद्ध हरपली का काय तुझी?" हौसाने ते बाजूला काढलं, तर सुतारीण रडायला लागली. हौसाने ते परत ढिगात ठेवलं, तर मावशी रुसली. लाल ठिगळाशेजारी हिरवं मांडलं, तर एक म्हणायची सुरेख दिसतंय. दुसरी म्हणायची, बाई बाई, पोपट आणि मिरची! सकाळी मांडलेलं संध्याकाळी मोडायचं. आपण करतोय ते बरोबर की चूक, हेच बिचारीला कळेना.

शेवटी तिने सगळी ठिगळं पदरात बांधली आणि ओढा गाठला. "म्हाराज, मला काय बी उमगंना. चांगलं कापड कंचं आन्‌ वाईट कंचं, येवढं सांगा. मेलेल्याचं घिऊ का नगं?"

महाराजांनी पदराची गाठ सोडली. लोहाराचं भोकाभोकांचं धोतर उचललं, नाकाला लावलं आणि मोठ्याने हसले. मग ते डोक्याला गुंडाळून पाण्यात आपली छबी बघत बसले. हौसा वाट बघतेय, बघतेय. शेवटी महाराज म्हणाले, "घरोघरचं पाहिजे, माय. घरोघरचं." झालं! एवढंच. आता याच्यातून हौसाने काय घ्यावं, तुम्हीच सांगा! ती आली तशी गोंधळून परत गेली. पण महाराजांनी डोक्याला गुंडाळलं म्हणून लोहाराचं धोतर तिने पहिलं ठेवलं. आणि पाठोपाठ सुतारणीच्या सासऱ्याचंही.

गावात सगळ्यांत मोठं घर इनामदारांचं. तिथे राज्य कमळजाबाईसाहेबांचं. त्यांचं माहेर मोठं, देशमुखी थाटाचं, असं त्या सांगायच्या आणि गाव माना डोलवायचं. त्या घरात जुनं कापड ठेवायची रीतच नव्हती. जरा विरलं की गड्यामाणसांना देऊन टाकायचं. बाईसाहेब ओसरीवर आल्या, ठिगळांकडे बघितलं आणि नाकाला पदर लावला.

"हौसे, ही गोधडी आहे की भिकाऱ्याची झोळी? महाराजांच्या अंगावर हे टाकणार तुम्ही?" मग त्यांनी मागच्या गड्याच्या हातातून कोरं करकरीत रेशमी कापड घेतलं, जरीच्या बुट्ट्यांचं. "हे मधोमध लावायचं. बरोब्बर मधोमध. म्हणजे एवढं तरी बघण्यासारखं होईल."

गोधडीत कोरं कापड कुणी घालत नाही, हे हौसाला आतून वाटत होतं. पण आपल्याला वाटतं ते खरं, असं तिला आयुष्यात कधी वाटलं होतं? "बरं, बाईसाहेब," म्हणाली आणि कापड घेतलं.

गोधडी कशी शिवतात, ठाऊक आहे ना? चारी कडांनी धावदोरा घालत यायचं, चौकटीच्या आत चौकट, आणि शेवटी मध्यावर येऊन थांबायचं. बायका चारी बाजूंनी बसल्या. ओव्या म्हणत, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढत त्या आत आत सरकत आल्या. मधली वीतभर जागा तेवढी उरली. हौसाने तिथे रेशमी कापड ठेवलं, टाका घातला. दोरा सरकन निघून हातात आला. पुन्हा घातला. पुन्हा आला. गाठ मारली, गाठच निसटली! दुसरीने करून बघितलं, तिसरीने बघितलं. सुई जायची, पण टाका बसायचा नाही. आजूबाजूला तोच दोरा घट्ट आणि मधोमध मात्र कापड सुटं ते सुटं.

"हौसे, दोराच कुजका आणलास तू," गजरामावशी म्हणाली. हौसाने दोरा ओढून बघितला. तो काही तुटेना. मग चूक कुठं झाली? की मेलेल्याचं धोतर घेतलं म्हणून हे झालं? तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

आणि त्याच दुपारी इनामदारांच्या वाड्यातून रडारड ऐकू आली.

कमळजाबाईंची एकुलती एक नात होती, अंबू. पाच वर्षांची. बाईसाहेबांचा जीव की प्राण. तिला हुडहुडी भरली ती थांबेचना. अंगावर शाली घातल्या, दुलया घातल्या, रग घातले, शेगडी आणून ठेवली. पोर आपली दात वाजवत थरथरतेच आहे. ओठ निळे पडले. वैद्यांनी मात्रा उगाळून चाटवली, नाडी धरली आणि मान हलवून हात सोडला. सुनेने हंबरडा फोडला. तेव्हा मात्र बाईसाहेब अनवाणी ओढ्यावर धावल्या.

"महाराज, माझी अंबू!"

महाराज म्हणाले, "गावाची गोधडी घाला तिच्या अंगावर."

"पण ती तर तुमच्यासाठी..."

"मी कधी म्हणालो? पुरी करा आणि घाला. भोक ठेवू नका, वारा शिरेल."

झालं! वाड्याच्या सोप्यात गोधडी पसरली. एका अंगाला अंबू कुडकुडतेय, दुसऱ्या अंगाला हौसा सुई घेऊन बसलेली. सारं गाव दारात. सुईत दोरा ओवायला तिला तिघींनी मदत केली. टाका घातला, सुटला. "रेशीम बुळबुळीत आहे, हे घे," म्हणत बाईसाहेबांनी पेटीतला शेला काढला. शेलाही सुटला. नुकताच आणलेला शालू आणला, कातरीने टरटरा फाडला. तोही सुटला. दुकानातून सुती ताग्याचा तुकडा आणवला. सुटला!

अंबूचे दात वाजायचे आता थांबले होते. पण ते बरं लक्षण नव्हतं. तिच्या अंगातला जोरच सरत चालला होता.

"तुझ्या हातालाच अवदसा लागलीय!" बाईसाहेब हौसावर ओरडल्या. "माझ्या पोरीला काही झालं तर या गावात पाय ठेवू देणार नाही तुला!"

आपल्याच हाताने लेकरू जातंय की काय, या भीतीने हौसा कासावीस झाली. ती उठली, पदर खोचला आणि ओढ्याकडे धावत सुटली.

"म्हाराज, माझं काय चुकलं? मी मेलेल्याचं घेतलं, फाटकं घेतलं, समद्यांचं घेतलं. तुमीच म्हनला घरोघरचं. आता पोर जातीय! मला कळत न्हाई वो, सांगा की एकदा नीट!"

महाराजांचे डोळे भरून आले. भक्ताची अशी तळमळ बघून कुणाचे भरणार नाहीत? ते म्हणाले, "माय, तू सगळं बरोबर केलंस. एका घरचं कापड मात्र अजून आलं नाही."

"कुनाच्या?"

"इनामदारांच्या."

"अवो, त्यांनी तर चार कापडं दिली!"

"ती दुकानची. त्या घरात कुणाच्या अंगावर झिजलेलं एक तरी दिलंय का?"

हौसा परत आली. आता हे बाईसाहेबांना सांगायचं कसं? पण अंबूचा चेहरा बघितला आणि तिची भीडच मोडली. भरल्या सोप्यात ती म्हणाली, "बाईसाहेब, म्हाराज म्हनत्यात, तुमच्या घरचं कापड अजून आलंच न्हाई. अंगावर झिजलेलं पायजे. मला का ते इचारू नका, मला बी ठावं न्हाई. पर आसंल तर लवकर द्या."

"आमच्यात जुनं ठेवतच नाहीत," सून रडत रडत म्हणाली. "सासूबाई देऊन टाकतात सगळं."

कमळजाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी एकदा दारातल्या माणसांकडे बघितलं, एकदा अंबूकडे. मग माजघरात गेल्या. त्यांच्या लग्नातली पेटी उघडल्याचा आवाज आला आणि त्या बाहेर आल्या तेव्हा हातात एक लुगडं होतं. कसलं लुगडं म्हणायचं ते! मूळ रंग कुठला, ओळखू येत नव्हता. ठिगळावर ठिगळ, त्या ठिगळावर आणखी ठिगळ.

"हे कुणाचं?" गजरामावशीच्या तोंडून निघून गेलं.

"माझ्या आईचं," कमळजाबाई म्हणाल्या.

बाईसाहेब बोलत राहिल्या. आवाज मोडका होता, पण थांबल्या नाहीत. "देशमुखी वगैरे काही नव्हती. माझी आई लोकांच्या रानात खुरपायला जायची. माझ्या पहिल्या बाळंतपणाला ती चालत आली, हे लुगडं नेसून. मी लोकांना सांगितलं, माहेरची मोलकरीण आहे. ती मागच्या दाराला बसून जेवली. मी नवं लुगडं दिलं, ते नेसून गेली आणि हे इथं राहिलं. परत कधी आलीच नाही. मला ते टाकवलं नाही आणि कुणाला दाखवताही आलं नाही."

हौसाने ते लुगडं दोन्ही हातांनी घेतलं. किती मऊ होतं! वीतभर तुकडा कापला, मध्यावर ठेवला आणि टाका घातला. देवा रे! सुई लोण्यातून जावी तशी गेली. टाका बसला. दुसरा बसला. सगळ्या बायका श्वास रोखून बघत होत्या. हौसाने शेवटची गाठ मारली, दाताने दोरा तोडला आणि गोधडी अंबूच्या अंगावर घातली.

काही क्षण काहीच झालं नाही. मग पोरीच्या कपाळावर घामाचे मणी दिसले. ओठांचा निळेपणा ओसरला. तिने डोळे उघडले, पाय झाडले आणि कुरकुरली, "आई गं, किती उकडतंय! मला भाकरी दे."

सून हसते की रडते, कळेना. दारात एकच जयजयकार झाला. तेवढ्यात महाराजही आले, ओल्या पायांनी, हसत हसत. कमळजाबाई धावत गेल्या आणि त्यांच्या पायांवर पडणार, तोच महाराज दोन पावलं मागे सरले.

"माझ्या नको. या मायच्या पाया पडा. तिला काही समजत नव्हतं, तरी गावातलं एकही कापड तिने कमी मानलं नाही. आणि त्याआधी आणखी एका बाईच्या पाया पडायचं राहिलंय तुमचं."

कमळजाबाईंना सांगावं लागलं नाही. त्या अंबूशेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि गोधडीच्या बरोब्बर मधोमध, त्या विटक्या ठिगळावर त्यांनी कपाळ टेकलं. "आई, पुढच्या दाराने ये गं," एवढंच म्हणाल्या आणि लहान मुलीसारख्या रडल्या. मग उठून, साऱ्या गावादेखत, हौसाच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवो बाईसाहेब, हे काय करता!" म्हणत गोंधळलेली हौसा खाली वाकली, त्यांना धरून उठवायला लागली. उठवता उठवता तीही रडायला लागली. का, ते तिला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. श्रीसद्‌गुरू ओढेबुवा महाराज सगळ्यांच्या घरावर अशीच ऊब धरोत.