दूधगाडीचा नवा ब्रेक

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की तिच्यातल्या डोंगराचे नाव आता कोणालाच आठवत नाही, आणि गाडीचा रंग निळा होता की हिरवा यावर दोन मते आहेत. लहानांनी ती लक्ष देऊन ऐकावी. मोठ्यांना ऐकताना आपले कोणी आठवले, तर आठवू द्यावे.

त्या डोंगराच्या माथ्यावर एक गाव होते. गावात माणसांपेक्षा म्हशी जास्त आणि म्हशींपेक्षा गवत जास्त. सकाळी धारा काढून झाल्या की दुधाच्या किटल्या एका पिकअप गाडीत चढत आणि गाडी घाट उतरून खालच्या बाजारगावी जाई. रस्ता तो एकच, आणि गाडीही ती एकच.

गाडी चालवणारा माणूस दांडगा होता. गाडीचा ब्रेक मात्र कमजोर. ब्रेकला मदत म्हणून पेडलापुढे एक गोल डबा बसवलेला होता. इंजिन त्या डब्यातली हवा ओढून घेई, डब्यात पोकळी होई, आणि त्या पोकळीचा जोर पायाच्या जोरात मिसळे. पण इंजिन म्हातारे झाले होते आणि डोंगरावरची हवा विरळ होती. डब्याची मदत नावापुरती उरली होती.

त्या माणसाला त्याचे काही वाटत नसे. वळण आले की तो पाठ सीटला टेकवी, दात आवळी आणि सगळे अंग पेडलावर घाली. गाडी कुरकुरत थांबे. मागे किटल्यांजवळ बसलेल्या बायाही त्याच्याबरोबर फळीला पाय रोवत. सारे गाव मिळून ब्रेक मारते आहे असे वाटे.

एके वर्षी तो साध्या तापाने गेला.

घरात त्याची बायको उरली आणि म्हातारा बाप उरला. दोघे एकमेकांसमोर त्याचे नाव काढत नसत. जेवायच्या वेळी म्हातारा सवयीने तीन पाट मांडी, आणि मग एक उचलून भिंतीला लावी.

गाडी चालली तरच त्या घरातली चूल पेटायची. सुनेला नवऱ्याने माळावर गाडी शिकवली होती. एक दिवस ती पदर खोचून स्टिअरिंगवर बसली. नवरा जसा दाबायचा तसाच ती ब्रेक दाबू लागली. पाठ टेकवून, दात आवळून. पण ती अंगाने काडीसारखी. पेडल खाली जाता जात नसे. एका सकाळी वळणावर गाडी थांबेच ना. तिने कशीबशी ती डोंगराच्या बाजूला वळवली आणि मातीच्या दरडीत घातली. माणसे वाचली. दूध सगळे सांडले.

त्या संध्याकाळी गाव देवळापुढे जमले. पाटील म्हणाले, "बाई, तुझ्यावर कुणाचा राग नाही. पण ही गाडी त्याच्या अंगाला बेतलेली होती. खालच्या गावात एक पैलवान गडी आहे. त्याला देऊन टाक."

"आणि हिनं काय करायचं? त्याच्या लंगोटाला नाडी लावायची?" मागून एक म्हातारी गवळण बोलली. लोक हसले. सून हसली नाही.

ती म्हणाली, "मला मिस्त्रीला बोलावू द्या. त्यानंतर फक्त एकदा दूध द्या. नाही जमलं तर किल्ली मीच आणून देईन."

मिस्त्री खालून आपली अवजारे घेऊन आला. गाडीखाली शिरला, बाहेर आला, हात पुसले.

"वहिनी, ब्रेक शाबूत आहे. त्याला मदत करणारा दमलाय."

"मग नवा डबा घाला."

"नवा घातला तरी ओढायचं ह्याच इंजिनानं ना? दमेकऱ्याकडून चिलीम ओढवून घेण्यासारखं आहे ते." मिस्त्रीने इंजिन चालू केले आणि स्टिअरिंग एका बोटाने फिरवून दाखवले. "हे एवढं हलकं का फिरतं? इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो तेल ढकलतो. तेच तेल ब्रेककडे न्यायचं. हवेची मदत काढायची, तेलाची घालायची. तेलाला डोंगर काय आणि सपाटी काय, सारखंच. इंजिन बंद पडलं तरी दोन-चार दाबांपुरता जोर ते साठवून ठेवतं."

म्हातारा सासरा इतका वेळ दारात उभा होता. तो म्हणाला, "डबा काढायचा नाही. गाडीत खोट नाही. माझ्या पोराच्या पायाखाली ती गुमान उभी राहत होती."

"आबा, गाडी नव्हती उभी राहत," मिस्त्री म्हणाला. "तुमचं पोर तिला उभी करत होतं. तसला पाय आता मी कुठल्या दुकानातून आणू?"

सून हळूच म्हणाली, "मामंजी, गाडी त्या पैलवानाला दिली, तरी डबा जाईलच की."

म्हातारा गोठ्यात निघून गेला. काम संपेपर्यंत तो बाहेर आला नाही.

मिस्त्रीने डबा काढला. त्याच्या जागी नारळाएवढा एक जड लोखंडी नग बसवला, पंपापासून तिथपर्यंत नळ्या टाकल्या, तेल भरले, नळ्यांत अडकलेली हवा काढून टाकली. मग म्हणाला, "एक सांगतो वहिनी. हा ब्रेक ताकद मागत नाही. पाय ठेवायचा आणि हळूहळू सांगायचं. ढकलायचं नाही."

तिने माळावर दोन चकरा मारल्या. गाडी शहाण्या म्हशीसारखी थांबली. पण माळ वेगळा आणि घाट वेगळा.

दुसऱ्या सकाळी निम्म्याच घरांनी दूध दिले. ती म्हातारी गवळण मात्र मागे चढली. "मेले तर दुधात मरेन," ती म्हणाली, "राणीलासुद्धा मिळत नाही असलं मरण."

सासरा न बोलावता आला आणि सुनेशेजारी पुढे बसला. "कुठं काय करायचं ते मी सांगतो. तो कसा करायचा ते मला ठाऊक आहे."

पहिले वळण आले. खाली दरी दिसू लागली.

"दाब," म्हातारा म्हणाला. तिने पाय ठेवला. गाडी हळू होऊ लागली होती, पण म्हाताऱ्याला धीर धरवेना. "अगं जोरात! तो दाबायचा तशी दाब!"

त्या हाकेसरशी मिस्त्रीचे बोलणे तिच्या मनातून पुसले गेले. पाठ सीटला टेकली, दात आवळले गेले, आणि तिने सगळे अंग पेडलावर घातले.

गाडी जागच्या जागी खिळली. म्हाताऱ्याचे कपाळ समोरच्या काचेवर आपटले. मागे किटल्या एकमेकींवर कोसळल्या आणि फळीखालून दुधाचा ओहोळ उताराला लागला.

मागून गवळणीचा आवाज आला.

"थांबली गं बाई! त्या दिवशी थांबेना म्हणून दूध सांडलं, आज थांबली म्हणून सांडलं. हिला अधलंमधलं काही येतं का?"

"जुना डबाच परत बसवू," म्हातारा कपाळ चोळत पुटपुटला.

सुनेने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. समोर पाहतच ती म्हणाली, "मामंजी, तुम्ही म्हणालात तसंच दाबलं. ते दाबायचे तसं. इतके दिवस मी तेच करत होते. माझ्यात त्यांच्याएवढं वजन नाही. आणि आता ते लागतही नाही."

तो गेल्यापासून ती त्याच्याविषयी सासऱ्याशी पहिल्यांदाच बोलली होती. म्हातारा बराच वेळ रस्त्यावरच्या दुधाकडे बघत राहिला. मग त्याने दार उघडले.

"कुठं चाललात?"

"मागं."

"मागं सगळीकडे दूध सांडलंय."

"म्हणूनच. उरलेल्या किटल्या धरायला माणूस नको?" तो खाली उतरला आणि दार लावता लावता म्हणाला, "इथं बसलो तर मी तुला नाही, त्यालाच सांगत बसेन."

मागे गवळणीने सरकून जागा दिली. "या आबा. इथं फळीला पाय रोवा."

"नाही रोवत," म्हणत म्हाताऱ्याने किटल्यांमध्ये मांडी घातली. एक भरलेली किटली त्याने दोन्ही हातांनी गळ्याशी धरली आणि डोळे मिटून घेतले.

गाडी निघाली. आता शेजारून कोणी सांगणारे नव्हते. पुढच्या वळणावर तिने पाय जरा लवकर ठेवला, गाडी जरा लवकर मंदावली. त्याच्या पुढच्या वळणावर जरा उशिरा. भाकरी थापताना हात कुठे भारी ठेवायचा आणि कुठे हलका, हे जसे कोणी सांगून कळत नाही, तसे तिच्या पायाला ते एकेका वळणावर कळत गेले.

शेवटचा उतार सगळ्यांत तीव्र. तिथले वळण ती घेते तोच समोर मेंढरे. रस्ताभर. मागचा धनगर काठी उंचावून ओरडत होता. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, गाडी घालायला दरडसुद्धा नाही.

तिचा पाय खाली गेला. तिने पाठ टेकवली नाही, दातही आवळले नाहीत. पाय ठेवला, मग थोडा भार दिला, मग आणखी थोडा. गाडी मंदावली, आणखी मंदावली, आणि उभी राहिली. शेवटचे कोकरू गाडीच्या नाकापुढून उड्या मारत गेले.

मागे म्हाताऱ्याने एक डोळा उघडला. झाडे हलत नव्हती. त्याने दुसरा डोळा उघडला.

"गाडी थांबली कधी?" त्याने विचारले.

"मगाशीच," गवळण म्हणाली. मग स्वतःच्या पायांकडे पाहून ती नवलाने म्हणाली, "अगं बाई, मी पाय रोवायचेच विसरले."

म्हाताऱ्याने हातातल्या किटलीचे झाकण काढून पाहिले. दूध जागेवर होते. त्याने झाकण लावले आणि तोंड फिरवून तो लांबवर त्या मेंढरांकडे पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी सगळ्या घरांनी दूध दिले. पैलवान आपल्या गावी राहिला. सुनेने पुढे कितीतरी वर्षे ती गाडी चालवली आणि गावातल्या चार मुलींना शिकवली. माझ्यासारखा ब्रेक दाबा, असे मात्र तिने एकीलाही सांगितले नाही. म्हातारा रोज गाडीत मागेच बसे. कोणी विचारले तर म्हणे, मागं वारा चांगला लागतो. आणि त्या घरात आता गेलेल्याचे नाव निघू लागले, जेवतानासुद्धा.

तात्पर्य: गेलेल्या माणसाचे काम जरूर पुढे न्यावे, पण त्याच्या पायाने नव्हे, आपल्या पायाने, आणि त्यासाठी त्याच्या गाडीत बदल करावा लागला, तर तो करावा.