चौथ्या नंबराची कालवड

“...पण अण्णा, पयला नंबर आलेला गडी चौथ्या नंबराच्या दारात जनावर मागायला येतोच कशाला?”

मायाप्पा अण्णा अंबाडीचा कासरा वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

बिरोबाच्या देवळापुढं, कडुनिंबाच्या सावलीत रावसाहेब गळवे उभा होता. हातात कालवडीचं दावं, तोंडावर दोन दिवसांची दाढी. सकाळी भाकरीचं ताट तसंच सरकवून तो घरातून निघाला, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. त्याच्या बायकोनं, द्वारकावहिनींनी, ते ताट उचलून आपटलं, त्याचा आवाज तीन घरं पलीकडं गेला होता.

“कोण आलता मागायला?” अण्णांनी विचारलं.

“सयाजी वाघमोडे. परवा सकाळी. पेढे घेऊन! म्हणतो, तुझी चांदणी मला दे, आन् माझ्या दावणीतली तुला पायजे ती कालवड घेऊन जा.”

“मग?”

“मग काय! लावला वाटंला. जत्रेत मी चौथा आलो हे गावात कमी वाजलं व्हतं, म्हणून दारात येऊन वाजवतोय.”

“पेढे खाल्लेस?”

“न्हाई.” रावसाहेब जरा घुटमळला. “मंडळींनी ठेवून घेतले.”

अण्णा गालात हसले आणि पुन्हा कासऱ्याला पीळ देऊ लागले.

तीस वर्षं या माणसानं जत्रेतल्या खिलार जनावरांच्या प्रदर्शनात पंच म्हणून काम केलं होतं. त्यांनी नुसता हात फिरवला तरी जनावराची किंमत वाढायची. आता वय झालं, फेटा उतरवला, आणि ते देवळाच्या ओवरीत राहायला आले. सोबतीला एक तांबडी गाय. गाय अशी, की प्रदर्शनात नेली असती तर लोकांनी विचारलं असतं, ही काय पंचांच्या चहाला दूध काढायला आणलीय?

चांदणीची गोष्ट वेगळी. दुधासारखा रंग, मागं वळून वर गेलेली जुळी शिंगं, काळेभोर डोळे. रावसाहेबानं तिला एक पाऊल पुढं ओढलं.

“बघा अण्णा. तुम्हीच बघा. काय कमी हाय हिच्यात? तो पंच म्हणतो, मागचे पाय. मी म्हणलं, तुझेच पाय बघ आधी! पोरगेला पंच. काल पुस्तकं वाचली आन् आज जनावरं बघाय लागला.”

“भांडलास?”

“भांडलो.”

“बरं केलंस.”

बरं केलंस म्हणजे बरं केलंस, की दुसरं काही, हे रावसाहेबाला कळेना.

तो खाली बसला. गळव्यांच्या दावणीला बावीस वर्षांत बाहेरचं जनावर शिरलं नव्हतं. वळू घरचा, गाई घरच्या, वासरं घरची. मरता मरता वडील म्हणाले होते, “रावसाहेब, दावण बाटवू नको.” ते त्यानं जपलं. सात वेळा पहिला नंबर घेतला. चावडीवर बसून बोलायचा, “बाजारातनं आणून नंबर कुणीबी काढंल. घरात पिकवून दाखवा!”

पण एक गोष्ट तो चावडीवर बोलला नव्हता.

“अण्णा...” त्याचा आवाज खाली आला. “आवंदा दोन वासरं झाली. एक तिसऱ्या दिवशी उठलं. दुसरं... उठलंच न्हाई. मंडळी चार दिवस त्याला उचलून कासंला धरत व्हती. पाचव्या दिवशी ग्येलं.”

अण्णांचे हात थांबले.

“काय तरी औषध सांगा. पाला सांगा, मंत्र सांगा, बोकड कापाय सांगा. असंच चाललं तर गळव्यांची दावण माझ्याच हातानं संपायची.”

तांबडी गाय रवंथ करत होती...

“उठ,” अण्णा म्हणाले. “देवाकडं तोंड करून उभा ऱ्हा.”

“नवस बोलू?”

“गप उभा ऱ्हा.”

रावसाहेब देवाकडं तोंड करून उभा राहिला. मागं हौदाच्या सांडपाण्यानं भुई मऊ झाली होती. अण्णांनी चांदणीचं दावं धरलं आणि तिला त्या ओल्या मातीतून चालवत नेलं. मग तांबडीला नेलं, चार हात अंतर सोडून. वयामुळं म्हातारा चांगल्याच धापा टाकत होता.

“वळ आता. दोन जनावरं गेल्यात. वाकडं चालणारं कुठलं, सांग.”

रावसाहेब खाली वाकला. हे त्याचं घरचं काम. लहानपणापासून पावलावरून जनावर ओळखायचा तो. हरवलेली शेळीसुद्धा त्यानं अशीच हुडकून आणली होती. त्यानं एक ओळ बघितली, दुसरी बघितली. आणि तिसऱ्यांदा बघायची गरजच पडली नाही.

“ही वाकडी,” त्यानं उजवीकडच्या ओळीवर बोट ठेवलं. “मागची पावलं कशी आखडून पडल्यात बघा. पायात पाय बांधून चालवल्यागत. ही तुमची तांबडी. राग मानू नका.”

“आन् ती?”

“ती माझी चांदणी. मोकळी चाल. सरळ.”

अण्णांनी मान हलवली. अर्धा वळलेला कासरा उचलला, त्याचं एक टोक रावसाहेबाच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं. दोघांनी तो तांबडीच्या पावलांवर ताणून धरला.

पुढचं खूर दोरीवर. मागचं खूर दोरीवर. आठच्या आठ पावलं, टोक समोर.

मग चांदणीच्या पावलांवर धरला.

पुढची खुरं नीट होती. मागची दोन्ही बाजूंना बाहेर वळलेली. एक हिकडं बघतंय, एक तिकडं.

रावसाहेब दोरीकडं बघत राहिला...

“तुम्ही दोरी वाकडी धरलीय,” तो म्हणाला.

“मग तू धर.”

त्यानं खुंटी ठोकली. स्वतः ताणली, पुन्हा ताणली, गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून बघितलं. दोरी सरळच होती.

त्यानं चांदणीकडं बघितलं. मागून बघितलं, कधी नव्हे ते. मागचे दोन्ही गुडघे एकमेकांकडं झुकलेले, एकमेकांच्या कानात काही सांगत असल्यासारखे. तिच्या आईचे तसेच होते. आजीचे तसेच. वळूचे तर सगळ्यांत जास्त. त्याला ते नेहमी डौलदार वाटायचे.

“हे... कधीपासनं?” त्यानं विचारलं.

“मला काय म्हायती? गोठा तुझा.”

“पण मी रोज बघतो की! दोन टायमाला बघतो. लेकरागत बघतो.”

“कुणाशी ताडून बघतोस?”

“म्हणजे?”

“चांदणी चांगली, हे कुणाशी ताडून ठरवलंस?”

“तिच्या आईशी.”

“आन् आई?”

“तिच्या... आईशी.”

अण्णा कासरा गोळा करून पुन्हा ओवरीत जाऊन बसले.

रावसाहेबाला पंचाशी घातलेला वाद आठवला, आणि चावडीवर जे जे बोललो ते ओळीनं आठवायला लागलं. ते वासरूही आठवलं. द्वारकानं चौथ्या रात्री म्हटलं होतं, “आवं, ह्याचे पाय बघा की, कसं व्हतंय हे?” आणि तो म्हणाला होता, “पाय झकास हायत, नुसती अशक्ती हाय.”

“म्हणजे सयाजीची जनावरं सरळ हायत, म्हणून त्याच्याकडनं घ्यायचं. आसंच ना?”

“त्याच्याकडं बी काय तरी वाकडं असंलच.”

“मग?”

“तुला ते पयल्या दिवशी दिसंल. त्याला वीस वर्षं दिसलं नसंल.”

“मग त्याला कसं कळलं माझ्याकडं यायचं?”

“पयल्या नंबराला उभा ऱ्हायला, तवा शेजारी दुसऱ्यांची जनावरं उभी व्हती. ती बघून आपल्यात काय कमी, ते त्याला दिसलं असंल. तू पयला आलास, तवा तू कुठं बघत व्हतास?”

“बक्षिसाच्या ढालीकडं,” रावसाहेब खरं ते बोलला.

वाटंला लावला तरी सयाजीनं जाताना बुधवारपर्यंत वाट बघतो म्हणून सांगितलं होतं. आज बुधवारच होता.

“पण वडलांचा शब्द, अण्णा. मरतानाचा. दावण बाटवू नको म्हणाले.”

“तुझ्या बापाची पयली गाय कुठली?”

“सांगोल्याच्या बाजारातली.” हे तर गळव्यांच्या घरात लेकरालाही ठाऊक होतं. “तीन दिवस हिंडले, तवा ती मिळाली. पायी आणली.”

“घरची न्हवती?”

“न्हाई...”

“कुणाची व्हती?”

कुणाची होती, हे रावसाहेबानं कधी विचारलं नव्हतं. वडिलांनीही कधी सांगितलं नव्हतं. त्याला एकदम वाटलं, की ती गाय कुणाच्या तरी दावणीतून सुटली तेव्हा तिथंही कुणीतरी असाच उभा असेल... आणि तेवढ्यात तो विचार हातातून निसटला.

तो उठला. चांदणीचं दावं हातात घेतलं, खांद्यावर टॉवेल टाकला. निघताना पाया पडला, पण नेमकं कशासाठी पडतोय हे त्याला ठरवता येईना. औषध मिळालं नव्हतं, मंत्र मिळाला नव्हता. कळलं म्हणावं तर काय कळलं, हे कुणाला सांगता आलं नसतं. घरी द्वारकाला तर मुळीच नाही.

देवळापुढं वाट फुटत होती. डावीकडं त्याचं घर, उजवीकडं ओढा ओलांडून सयाजीची वस्ती. चांदणीनं सवयीनं डावीकडं तोंड केलं. रावसाहेबानं दावं ओढून धरलं. कालवड एकीकडं, माणूस दुसरीकडं, असे दोघंही तिथंच अडले.

मग तो वळला आणि तिथूनच ओरडला.

“अण्णा! तुम्ही चला की संगं! त्याच्या दावणीला पंचवीस जनावरं हायत. कुठलं घ्यायचं ते तुम्ही दावा.”

“मी कशाला? तुझं तू बघ!”

“माझा डोळाच नासलाय म्हणता, मग मी काय बघू?”

“मी कुठं म्हणलो?”

“न्हाई म्हणला... पर झालंय तसंच न्हवं का! मी जाऊन उभा ऱ्हायलो, तर मला पुन्ना वाकडंच आवडंल!”

अण्णांनी कासरा मांडीवरून खाली ठेवला. कपाळावर हात धरून, उन्हात त्या माणसाकडं आणि कालवडीकडं बघितलं.

“म्हणूनच सांगतो!” म्हातारा ओरडला. “सगळी पंचवीस बघ, सावकाश बघ. जे बघून तुला वाटंल, हे फुकाट दिलं तरी माझ्या दारात नको... तेच घेऊन ये!”