काचेतल्या पाहुणीला गूळपाणी

"…आणि मेलं कधी, तेच कळलं नाही, अक्का."

"कोण मेलं?"

"माझं नवल."

मठातल्या म्हाताऱ्या अक्कांनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या मलकप्पापुढं सरकवला. टेकडीवरच्या त्या मठाची रीतच तशी. दम खात वर आलेल्याला आधी गूळपाणी, मग विचारपूस.

मलकप्पा हत्तुरे म्हणजे गावातलं वजनदार माणूस. बाजारपेठेत भर चौकात दुकान. गावानं जे जे पहिल्यांदा ऐकलं आणि पाहिलं, ते त्याच्याच दुकानातून. त्यानं रेडिओ विकले, तेव्हा रेडिओचं लायसन पोस्टातून काढावं लागे. मग टेप आले. फीत गुंतली की पेन्सिलीवर कॅसेट फिरवत गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर हजर. मग टीव्ही. घरचा एक जण छपरावर अँटेना फिरवायचा आणि खाली अख्खी आळी ओरडायची, "आलं, आलं… गेलं!"

ज्या पेट्यांना लोकांनी हळदकुंकू वाहून घरात घेतलं, त्याच पेट्या पुढं भंगाराच्या गाड्यावर उताण्या पडलेल्या मलकप्पानं पाहिल्या. आणि दर वेळी, गाडा वळणावर दिसेनासा व्हायच्या आत, त्यानं दुकानात नवी वस्तू मांडलेली असायची.

धंदा त्याला कुणी शिकवला नव्हता. एकच नियम त्यानं स्वतः घातलेला… गिऱ्हाइकाला आधी पाणी, मग भाव.

"बोल की," अक्का म्हणाल्या. "नवलाला काय झालं?"

मलकप्पानं खिशातून मोबाइल काढून जमिनीवर उपडा ठेवला.

"नात हाय माझी. शांभवी. माझ्या विरूपाक्षाची पोर. तिकडं कॅलिफोर्नियात. रोज ह्यात दिसते, बोलते. आणि मी… जांभया देतो, अक्का. एक डोळा तिच्याकडं, एक डोळा टीव्हीकडं. परवा ती बापाला म्हणाली, आजोबांना फोन नको लावू. त्यांना मी आवडत नाही."

"मग?"

"मग काय! काल फोन आला नाही. जन्मभर लोकांना नवल विकलं. स्वतःपुरतं चिमूटभरसुद्धा उरलं नाही का हो?"

अक्का हसल्या. तोंडात दात नव्हते, तरी ते हसू भरलेलं दिसे.

"मला तुझा पहिला टीव्ही आठवतो."

मलकप्पाही ओशाळं हसला. ती गोष्ट सगळ्या गावाला पाठ होती.

तरुण मलकप्पानं मोठ्या ऐटीत टीव्ही बैलगाडीतून टेकडीवर आणला होता. मठाच्या अंगणात सतरंज्या पसरल्या, गाव जमलं. काचेत बातम्या सांगणारा आला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार." अक्का चटकन उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला, "नमस्कार" म्हणाल्या आणि गडबड करणाऱ्या बायांना दटावलं, "पावणा बोलतोय, गप बसा."

मलकप्पा पोट धरून हसला होता. "अक्का, तो तिकडं दिल्लीत! त्याला काचेतून काय दिसतंय?"

अक्का तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "त्याला नसंल दिसत. मला दिसतोय न्हवं?"

…उपडा ठेवलेला मोबाइल थरथरला.

मलकप्पानं तो सुलटा केला. काचेवर शांभवीचं नाव. त्याच्या तोंडून "आली!" निघालं आणि त्याच वेळी अंगठ्यानं फोन बंदही केला.

तो अंगठ्याकडं बघतच राहिला.

"हे काय केलंस रं?"

"मी नाही, अक्का… बोटाला सवय. बोलत असलो की दाबून टाकायची."

"आता ती परत येईल?"

पोरीनं हट्ट सोडून फोन लावला होता आणि आजोबानं दार तोंडावर लावून घेतलं होतं.

"थांब," अक्का म्हणाल्या.

खांबाला धरून त्या उठल्या. रांजणातल्या पाण्यानं तोंड धुतलं. कपाळाला विभूती लावली. खुंटीवरचं धुतलेलं लुगडं खांद्यावरून घेतलं, पदर सारखा केला. मग कोपऱ्यातली घोंगडी आणली आणि आपल्यासमोर अंथरली.

"त्याला हितं बसव."

"कुणाला?"

"तुझ्या मोबाइलला."

मलकप्पानं घोंगडीवर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. अक्कांनी त्याच्यापुढं एका वाटीत गुळाचा खडा ठेवला.

"तू असाच बसणार? शर्टाची बटणं लाव. आणि आता बोलाव तिला."

मलकप्पानं बटणं लावली. पांढऱ्या केसांवरून हात फिरवला. फोन लावला.

रिंग वाजत राहिली…

मठामागंच टॉवर होता, रेंजची काळजी नव्हती. काळजी दुसरीच होती. लाखाच्या मालाचा सौदा करताना ज्याची पापणी हलली नाही, तो मलकप्पा शर्टाची बटणं पुन्हा पुन्हा चाचपू लागला.

रिंग वाजत राहिली…

"आजोबा?"

काचेत विस्कटलेले केस, झोपेनं सुजलेले डोळे. आवाजात रुसवा. "तुम्ही कट केलात."

"चुकलं, बाळ."

पण पोरीचं लक्ष त्याच्याकडं नव्हतंच. "ही आजी कोण आहे? आणि ते ब्राउन काय आहे?"

"गूळ," अक्का म्हणाल्या. "तुझ्यासाठी. लांबून आलीस न्हवं?"

"मी कुठं आले? मी माझ्या घरीच आहे."

"मग माझ्या म्होरं कशी?"

पोरीनं इकडं तिकडं पाहिलं. मग डोळे मोठे झाले.

"…अय्या, हो की!"

ती हसली. मग काचेला नाक लागेल इतकी जवळ आली आणि तोंड उघडलं. "आ…"

अक्कांनी गुळाचा खडा उचलला आणि काचेला लावला.

काच चिकट होईल, असं मलकप्पाच्या ओठांवर आलं होतं. सवयीनं. ते तिथंच विरलं.

"खाल्ला!" शांभवी म्हणाली आणि मिटक्या मारू लागली.

"गोड हाय?"

"खूप!"

"तुझ्याकडं आत्ता काय हाय गं? दिवस की रात?"

"सकाळ. सूर्य आत्ताच आलाय. दाखवू?"

चित्र हललं. पलंग, भिंत, एक बाहुली सरकत गेली आणि खिडकी आली. समोरच्या घराच्या छपरावर, कोवळा, लालसर सूर्य नुकताच वर आलेला.

अक्कांनी मान वळवली. मठाच्या अंगणापलीकडं, वैशाखातल्या मोकळ्या आभाळात, खालच्या माळावर सूर्य टेकायला आला होता. तसाच लालसर.

"मलकप्पा…"

"हं?"

"हे दोन हायत का एक?"

मलकप्पानं काचेत पाहिलं. माळाकडं पाहिलं. पुन्हा काचेत.

"एकच, अक्का."

म्हणाला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिकडं उगवतोय, तो हाच. इकडं बुडतोय, तो तोच. आणि दोन्हीच्या मधे त्याच्याच दुकानात काचेच्या कपाटात मांडून विकलेली, तळहाताएवढी ही वस्तू.

किती जणांच्या हातात त्यानं ती ठेवली होती… तिच्यातून त्यानं आज पहिल्यांदा पाहिलं.

अक्कांनी एकदा काचेला हात जोडले, एकदा माळाला.

"आजोबा," काचेतल्या खिडकीतून आवाज आला, "तुम्ही रडताय?"

"तुला दिसतंय?"

"मग! सगळं दिसतंय मला."

मलकप्पानं अक्कांकडं पाहिलं. अक्का पदर सारखा करत होत्या.

"उद्या लावू का फोन?" शांभवीनं विचारलं. जरा चाचरतच.

"मी लावतो. तू उठलीस की. अंघोळ करून बसतो."

पोरगी खळखळून हसली. "अंघोळ कशाला?" म्हणत हात हलवला आणि गेली. काच काळी झाली.

माळावरचा सूर्यही गेला.

घोंगडीवर मोबाइल, त्याच्यापुढं गूळ. मलकप्पानं मोबाइल उचलायला हात पुढं केला, पण दोन्ही हातांनी उचलला, एखादं झोपलेलं पोर उचलावं तसा.

"अक्का," तो म्हणाला, "मेलेलं नवल उठलं हो आज."

अक्कांनी काचेला लावलेला गुळाचा खडा मोडला. अर्धा त्याच्या तळहातावर ठेवला.

"मेलं कुठं होतं रं? रोज दारात येत होतं. तू पाणी विचारलं न्हाईस."