धारिणीचं न झाडलेलं अंगण

पूर्वी कृतयुगात, धर्म चारही पायांवर धडधाकट उभा असतानासुद्धा देव-दैत्यांना भांडायला कारण कमी पडत नव्हतं, त्या काळी वेण्णेच्या तीरी, कदंब-कुटजांनी वेढलेला, होमधूमाने सुगंधित आणि हरिणशावकांनी पार उच्छाद मांडलेला असा वृक्षायन ऋषींचा आश्रम होता. ऋषी महातपस्वी. बढाईखोरही तेवढेच, पण तपस्व्याच्या बढाईला तेज म्हणायची रीत आहे. त्यांची पत्नी धारिणी, आणि एकुलता एक पुत्र ऋतंजय.

तेव्हा वज्रधारी, सहस्रनेत्र, त्रैलोक्याधिपती इंद्र नेहमीप्रमाणे हरत होता. त्याने आज्ञा काढली, की प्रत्येक आश्रमातून एक तरुण सेनानी स्कंदाच्या छावणीत शस्त्रविद्या शिकायला यावा. स्वतःचा मुलगा जयंत मात्र नंदनवनात हवापालट करीत होता. त्याची प्रकृती नाजूक म्हणे!

निघायच्या सकाळी धारिणीने अंगण सारवलं, मुलाच्या तळहातावर दही ठेवलं.

"जातो, आई."

"येतो म्हणावं रे, गाढवा!"

"येतो," तो हसला आणि ओल्या सारवणावरून अनवाणी गेला. त्याची पावलं अंगणात उमटली, बोटांसकट.

गेलेल्यामागे लगेच केर काढू नये, म्हणून धारिणीने त्या दिवशी अंगण झाडलं नाही. मग दुसऱ्या दिवशीही नाही. पानगळ झाली, पाचोळा साचला. ऋषी ओरडत, "अगो, यज्ञभूमी आहे की उकिरडा?" आणि जो येईल त्याला छाती फुगवून सांगत, "चिरंजीव देवसेनेत आहेत!" परंतु एकदा आहुती देताना 'अग्नये स्वाहा' म्हणायच्या जागी त्यांच्या तोंडून 'ऋतंजयाय स्वाहा' निघून गेलं. अग्नी चाट पडला. त्याने तूप मात्र घेतलं. देव तो देवच.

पुढे एकदा इंद्र आश्रमात अतिथी म्हणून आला. आपल्या पीतांबराला पाचोळा चिकटलेला पाहून तो म्हणाला, "हे तपोनिधिपत्नी, तुझ्या आतिथ्याने मी प्रसन्न आहे. वर माग."

"माझा मुलगा परत दे."

"ते सोडून काहीही माग."

"वाटलंच. मग ही पावलं जोवर या अंगणात आहेत, तोवर त्याला मरण नसावं."

एक पाऊस पडला की पुसली जातील, असा मनात हिशेब करून इंद्र उदारपणे म्हणाला, "तथास्तु!"

त्याची पाठ वळताच धारिणीने पावलांवर गवताचं छप्पर उभारलं. ही गोष्ट तिने कुणालाच सांगितली नाही. नवऱ्याला सांगावी, तर संध्याकाळपर्यंत सप्तर्षींना कळणार. मुलाला सांगावी, तर तो माजून दैत्यांच्या तोंडात उडी घेणार.

मग झालेल्या तुंबळ संग्रामात बाणांच्या वर्षावातून, गजांच्या चीत्कारांतून ऋतंजय ओरखडाही न उमटता बाहेर पडत राहिला. चार दिवस उसंत मिळाली, तेव्हा तो घरी आला. ताठ मान, पायांत जाडजूड चामडी पादत्राणं. दारातच त्याने हात जोडले, "माताश्री, प्रणाम."

"माताश्री कोण रे मेल्या? मी आई तुझी! बस, तुझ्या आवडीची भाजी घेऊन येते."

ती परसात गेली. ऋतंजयाने अंगण पाहिलं. स्कंदाच्या छावणीत वाटेवर काडी दिसली, तर दिवसभर उन्हात उभं करीत. आई थकली बिचारी, असं मनात म्हणून त्याने छप्पर मोडून बाजूला रचलं, केरसुणी घेतली, कोपरान् कोपरा झाडला, पोपडे आलेलं जुनं सारवण खरवडून काढलं.

"वाहवा! याला म्हणतात शिस्त!" ऋषी कौतुकाने म्हणाले.

धारिणी भाजी ओच्यात घेऊन आली आणि जागीच थबकली.

"आई, बघ कसं लख्ख केलं!"

ओच्याची टोकं सुटली. भाजीची पानं लख्ख अंगणात पसरली. मग ती म्हणाली, "छान केलंस, बाळा," आणि खाली बसून पानं वेचू लागली.

निघायच्या दिवशी तिने पहाटेच पुन्हा अंगण सारवलं, दही दिलं, आणि त्याच्या पायांकडे बघत म्हणाली, "पायताण काढून जा रे. एवढं ऐक."

"माताश्री, सेनेत निघताना अनवाणी? सोबतचे हसतील!"

तो गेला. मागे ओल्या सारवणावर चामड्याचे ठसे उरले. साऱ्या देवसेनेचे असतात तसेच, कुणाचेही.

त्यानंतरच्या पहिल्याच लढाईत तो पडला. इंद्र सांत्वनाला आला. "देवी, तुझ्या पुत्रास अक्षय स्वर्ग लाभला—"

"त्याला अंगण पुरत होतं," धारिणी म्हणाली. "इंद्रा, सिंहासन तुझं तुला लखलाभ. पण कुठे कुणी नुसते डोळे मिटून बसलं, तरी ते तुझ्या बुडाखाली हलेल. निवांत बसणं तुझ्या नशिबी नाही."

तेव्हापासून कुणी तपाला बसला, की त्रैलोक्याधिपतीला घाम फुटतो. आणि आपल्याकडे घरचं माणूस बाहेर पडलं, की बाई केरसुणीला हात लावत नाही. घरोघरी फरशी आली, तिच्यावर पाऊल उमटत नाही. तरी थांबते.