आतलं चाक

“पर मागं चार चाकं कशाला हवीत?”

बाबालाल उस्तादांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. दोनदा उत्तर देऊन झालं होतं, म्हणून डॉक्टर नीलांबरी शिंत्रे या खेपेला जरा तुटकच बोलली.

“ट्रेलर ओढायला.”

“ओढतीच की गाडी. इंजिनात दम हाय.”

“ओढते हो. पण घाटात ट्रेलर गाडीला हलवतो. मागून कुणी शेपूट धरून झटकावं तसा.”

“मग?”

“मग मागं जोडचाकं बसवा. दोन्ही बाजूंना दोन-दोन, ट्रकला असतात तशी.”

उस्ताद वाकून गाडीचा मागचा ॲक्सल बघू लागले.

सत्तरी ओलांडलेला माणूस. गडहिंग्लजच्या बाहेर, रस्त्याकडेला गॅरेज. ट्रकच्या ॲक्सलचं अवघड काम निघालं की बेळगावपासून रत्नागिरीपर्यंत लोक त्यांचं नाव घ्यायचे. त्यांच्या हाताखाली शिकलेले मिस्त्री आता स्वतःच उस्ताद म्हणवून घेत होते. बाबालाल मात्र बोलायला फार कंजूष.

नीलांबरी जनावरांची डॉक्टर. सातवणीचा घाट चढून गेलं की वर अकरा वाड्या, आणि तिथल्या गुराढोरांना ही एकच डॉक्टर. तिच्या मोठ्या थोरल्या गाडीमागं एक ट्रेलर असायचा. त्यात दिवे, पाण्याची टाकी, ऑक्सिजन, अडलेली म्हैस उचलून धरायला साखळीची कप्पी. चाकांवरचं ऑपरेशन थिएटरच ते. सहा वर्षं ती ते घाटातून वर नेत होती.

गेल्या महिन्यात उतारावर ट्रेलर झुलला. त्यानं गाडीची मागची बाजू फरफटत नेली आणि कठड्यावर टेकवली. मलमपट्टीला मदत करणारा तिचा ड्रेसर बाळगोंडा शेजारी बसला होता, त्याचा हात मोडला. खाली दरी होती.

घरचे म्हणाले, विकून टाक तो ट्रेलर. बाळगोंडा प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून म्हणाला, “बाई, मी परत येतो. पर गाडीचं कायतरी करा.”

म्हणून ती इथं आली होती. आणि हा म्हातारा तेच तेच विचारत होता.

“ओढायचं मी बघतो,” शेवटी उस्ताद बोलले. “थांबायचं कोण बघणार?”

दुसऱ्या दिवशी ती गाडीबरोबर ट्रेलरही घेऊन आली. त्याला स्वतःचे ब्रेक नव्हतेच.

“करतो,” उस्ताद म्हणाले. “पर हात तुमचं.”

“म्हणजे?”

“मी सांगीन. तुम्ही कराल.”

डॉक्टरकी सोडून पाना हातात घ्यायचा? तिला क्षणभर राग आला. मग तिनं बाह्या वर सारल्या.

सोळा दिवस. सकाळी दवाखाना, दुपारनंतर गॅरेज. परिवहन कार्यालयात परवानगीसाठी सहा हेलपाटे झाले ते वेगळेच. जुना ॲक्सल उतरला, छोट्या ट्रकचा रुंद ॲक्सल चढला. हब बदलले, स्प्रिंगा बदलल्या, मडगार्ड बाहेर आले. ट्रेलरला ब्रेक बसले. वेल्डिंग तेवढं उस्तादांनी केलं. बाकी नट न् नट नीलांबरीनं आवळला. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. उस्तादांनी एकदाही “शाबास” म्हटलं नाही. चुकलं की फक्त म्हणायचे, “खोला.”

ती पुन्हा खोलायची.

सतराव्या दिवशी सकाळी ती गाडीभोवती एक फेरी मारून आली. मागून गाडी आता पैलवानासारखी दिसत होती.

“उस्ताद, आता ही हलायची नाही.”

“कशावरनं?”

“बारा वर्षं चालवतेय. कुठं जरा कमीजास्त झालं तरी मला बसल्या जागी कळतं.”

“कळतं?”

“कळतंच.”

“चला,” उस्ताद म्हणाले.

रिकामा ट्रेलर जोडून दोघं निघाले. सपाट रस्ता, बेताचा वेग. कॅनॉलच्या पुलापर्यंत गाडी अशी चालली की नीलांबरीला गाणं म्हणावंसं वाटलं. आरशात ट्रेलर शहाण्या वासरासारखा मागून येत होता.

“बघितलंत? हूं नाही की चूं नाही.”

“थांबवा.”

तिनं गाडी कडेला घेतली. उस्तादांनी पायाशी ठेवलेली हातोडी तिच्या हातात दिली.

“वाजवा.”

तिनं डावीकडच्या बाहेरच्या टायरवर हातोडी मारली. हातोडी उसळून परत आली. ठण्ण.

“आतलं.”

त्यासाठी तिला रस्त्यावर गुडघे टेकावे लागले. मान वाकडी करून तिनं आतल्या टायरवर हातोडी मारली.

भद्द...

तिनं हात घालून दाबून बघितलं. टायर मऊ पडलेला.

“पंक्चर?”

“सकाळी मीच हवा सोडली.”

नीलांबरी उठून उभी राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

“ही काय थट्टा आहे, उस्ताद? मी सोळा दिवस इथं...”

“किती लांब आलो?”

“...तीन किलोमीटर.”

“कळलं?”

तिनं नकारार्थी मान हलवली. कॅनॉलचं पाणी पुलाखालून वाहत होतं.

“जुनी गाडी असती तर गेटातच बोंबलली असती,” उस्ताद म्हणाले. “आता शेजारचं चाक सगळं सोसतं. आन् गप बसतं.”

“किती वेळ गप बसतं?”

“घाटापर्यंत.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. घाटावरच्या कोनाळवाडीतून यशोदा गावडे बोलत होती. पहाटेपासून म्हैस अडली होती, कळा देऊन देऊन थकली होती. गर्भपिशवीला पीळ पडला असणार, हे नीलांबरीनं तिच्या सांगण्यावरूनच ओळखलं.

“निघते,” ती म्हणाली.

गॅरेजवर येऊन आधी आतल्या चाकात हवा भरली. दवाखान्यातून सामान आणि बाळगोंडाला घेतलं. उस्ताद गॅरेजमध्येच राहिले. हातोडी तेवढी त्यांनी परत मागितली नाही.

घाटाच्या पायथ्याशी नीलांबरीनं गाडी थांबवली. खाली उतरली, गुडघे टेकले, एकेक चाक वाजवलं. गाडीचं आणि ट्रेलरचंही. ट्रेलरच्या ब्रेकवर हात ठेवून बघितला.

घाटाच्या मध्यावर, जिथं कठड्याचे दगड अजून निखळलेले होते, तिथं ती पुन्हा थांबली.

“बाई, चला की,” बाळगोंडा खिडकीतून म्हणाला. “आत्ताच तर बघितलं.”

फोन पुन्हा वाजत होता. “कुठवर आलाय, बाई?” यशोदेचा आवाज रडवेला झाला होता.

“अर्ध्यात आलेय. येतेच.”

फोन खिशात टाकून तिनं सगळी चाकं वाजवली. ठण्ण. ठण्ण. एकही भद्द नाही. मग ती गाडीत बसली. उरलेला घाट गाडी न डगमगता चढली. ज्या वळणावर पूर्वी ट्रेलर झटका द्यायचा, तिथं या वेळी काहीच झालं नाही.

कोनाळवाडीत तिनं दोन तास खपून म्हैस वाचवली. रेडकू मात्र मेलेलं निघालं.

यशोदेनं हात धुवायला गरम पाणी आणलं. ओतता ओतता एवढंच म्हणाली, “थोडं आधी आला असता तर...” आणि पुढचं बोलली नाही.

उतरतानाही नीलांबरी दोन्ही ठिकाणी थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅरेजात आली तेव्हा उस्ताद एका ट्रकखालून बाहेर येत होते. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. रेडकाचं सगळ्यात शेवटी.

“दोनदा थांबले, उस्ताद. वीस मिनिटं गेली.”

“कायतरी घावलं?”

“काही नाही. सगळी चाकं ठीक होती.”

“हं.”

“थांबले नसते तर कदाचित जगलं असतं.”

“जगलं असतं,” उस्ताद म्हणाले. “न्हाईतर नसतंही.”

त्यांनी तिची समजूत काढली नाही. काही तरी बोलतील म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. ते चिंधीनं एकेक बोट पुसत होते...

“म्होरल्या खेपेला?” त्यांनी विचारलं.

नीलांबरीनं बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. रात्रभर तिला झोप नव्हती. यशोदेचं ते अर्धवट वाक्य कानातून जात नव्हतं. पण त्याच रात्रभरात कधीतरी एक गोष्ट पक्की झाली होती.

“थांबणार,” ती म्हणाली. “दोन्ही ठिकाणी.”

“आन् कुणी म्हणालं, थोडं आधी आला असता तर?”

“ऐकून घेईन.”

उस्तादांनी चिंधी खुंटीला अडकवली. पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

“आत्ता बसली चाकं.”