बदामावरच्या खारी

फार मागे एका उजाड माळावर बदामाचं एकच झाड होतं. त्यावर खारींची सात घरं होती. म्हातारी भुरकी एकदा मुख्य खारीला, झिपरीला म्हणाली, “अगं, दर हंगामात थोडे बदाम माळावर पुरू या. पुढं वस्ती वाढेल.”

“सात घरांना हे झाड पुष्कळ आहे,” झिपरी हसली. बदाम खाऊन संपले.

भुरकी गेली. कित्येक वर्षांनी घरं चाळीस झाली, ढोलीवरून रोज भांडणं होऊ लागली. एका सकाळी झिपरीची लेक पिल्लं घेऊन निघाली.

“रागावलीस का गं?”

“नाही आई. पण ह्यांना ठेवू कुठं?”

लेक दिसेनाशी झाली, तरी झिपरी फांदीवरून हलली नाही. हाकेच्या अंतरावर एक जरी झाड असतं, तर लेक शेजारीच राहिली असती.