टिळा लावलेला टीव्ही

“…मग बाबा, एवढं सगळं करूनही मला दर्शन का होत नाही?”

विश्वंभरानं विचारलं आणि ताठ बसून राहिला.

भिकाबाबा खोबरं चघळत होते. दात थोडे उरलेत. एक तुकडा तोंडात टाकला की बराच वेळ जातो.

“काय काय करतोस?”

“पहाटे थंड पाण्यानं अंघोळ. मग पूजा. दुपारी पूजा. सांजेला पूजा. गीता पाठ आहे. सुरुवातीपासून म्हणतो, शेवटाकडनंही म्हणतो.”

“शेवटाकडनं कशाला?”



हा विश्वंभर शहरातल्या संस्थेत कीर्तन शिकून मठात आला होता. आवाज चांगला. त्यात खोट काढणार नाही. पण आवाजाबरोबर बाकीचंही सगळं आपल्याला येतं, असं त्यानं धरून ठेवलेलं. स्वयंपाकात मीठ किती घालायचं तेही तो सांगायचा. आणि खाणारे आम्ही.

बाबा काही बोलणार, तेवढ्यात दारात गेंदाबाई आली. काखेत बोचकं, हातात पिशवी.

“निघाले बाबा.”

“आज?”

“आजच. दुपारच्या येष्टीनं. लेक म्हणती, घराला कुलूप घाल आन ये. आता हिकडं कशाला येते मी परत… म्हनून म्हटलं, जाता जाता त्येवढं बघून जावं.”

तेवढं म्हणजे रावजी.

रावजी तिचा नवरा. मठात पखवाज वाजवायचा. पावसाळ्यात गेला. आयुष्यभर फोटो काढून घेतला नाही, म्हणायचा, माझं थोबाड मलाच नको. आधार कार्डावर एक आहे, पण त्यात तो चोरासारखा दिसतो. गेंदाबाई तो कुणाला दाखवत नाही. राहिली ती एकच गोष्ट. मागच्या सप्त्यात लग्नाच्या फोटोग्राफरनं भजनाची शूटिंग केली होती, तिची डीव्हीडी मठात होती. लावायला यंत्र नव्हतं.

ते काल आलं. एका भक्तानं टीव्ही आणि डीव्हीडी प्लेयर आणून दिला. घरी नवा पातळ टीव्ही आला म्हणून जुना जाड मठाला. घरात नको झालं की लोकांना देव आठवतो. टीव्हीची बटणं दाबून दाबून आत गेलेली. जे करायचं ते रिमोटनं.

“विश्वंभरा,” बाबा म्हणाले, “आधी हिला तिचा माणूस दाखव. तुझा देव मग बघू.”

“त्यात काय बाबा! दोन मिनिटांचं काम.”

विश्वंभरानं उपरणं कमरेला बांधलं. गेंदाबाई बोचकं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसली. पदर नीट केला. जणू समोरून पाव्हणा येणार.

भिंतीवरचं बटण दाबताच टीव्ही लागला.

मुंग्या.

पडदाभर मुंग्या, आणि आवाज कढईत मिरची टाकल्यासारखा.

“हे काय वो?” गेंदाबाई म्हणाली.

“थांबा मावशी. वायर.”

त्यानं वायरी काढल्या. पिवळी, तांबडी, पांढरी. पिवळी चित्राची, बाकीच्या दोन आवाजाच्या, हे त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. पिवळी पिवळ्या भोकात घातली. तांबडी तांबड्यात. पांढरी पांढऱ्यात.

मुंग्या.

“डीव्हीडी खराब असेल.”

काढली, धोतराला पुसली, परत घातली. प्लेयर आत घुर्रर करून फिरायला लागला. म्हणजे त्याचं काम तो करत होता.

“आता फक्त टीव्हीला सांगायचं, की तुझं बघू नको, ह्याचं बघ,” विश्वंभर म्हणाला. “रिमोटवर एव्हीचं बटण असतं. हे बघा.”

दाबलं.

मुंग्या.

जोरात दाबलं. हात लांब करून दाबलं. मग रिमोट तळहातावर आपटला. ह्या देशात रिमोटला दुसरं औषध नाही.

“सेल गेलेत!”

उठला आणि भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून रिमोटात घातले. घड्याळ बंद पडलं.

“वाजले किती आता?” गेंदाबाईनं विचारलं.

कुणालाच सांगता येईना.

“ऱ्हाऊ द्या. येष्टी तरी कुठं टायमावर येती.”

असं म्हणाली खरी, पण बोचक्याची गाठ तिनं सोडली आणि परत बांधली.

विश्वंभराच्या कपाळावर घाम आला. “बाबा, हा टीव्हीच बिघडलाय. देणारा माणूसच तसला. चिकट.”

“काल बिघडला नव्हता. देऊन जाताना लावून दाखवला की त्यानं.”

“काल चांगला होता, आज बिघडला!”

“मधे काय झालं?”

“काही नाही. पूजा झाली फक्त.”

…

ही आमच्या मठाची रीत. नवी वस्तू आली की आधी तिला टिळा. पाण्याची मोटर आली, मोटरीला टिळा. गॅस आला, टाकीला टिळा. आणि लावलेला टिळा हातानं पुसायचा नाही. आपोआप वाळून गळेल तेव्हा गळेल. टीव्हीची पूजा करायचा पहिला मान कुणाचा, ह्यावरनं काल वाद झाला, आणि विश्वंभर जिंकला. त्यानं तासभर पूजा केली. मंत्र सगळे बरोबर म्हटले. टिळाही हात राखून लावला नाही. ओलं गंध, त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर तांदूळ. चांगला थापलेला.

बाबा सरकत सरकत टीव्हीजवळ आले. गुडघे धरून बसले.

“विश्वा.”

“जी.”

“ते हातातलं कुणाशी बोलतं?”

“रिमोट? टीव्हीशी.”

“आणि हा ऐकतो कुठनं?”

“त्याला एक डोळा असतो बाबा. डोळा म्हणा, कान म्हणा. काळी बारकी काच. खाली, मधोमध. ही बघा, इथं…”

त्यानं बोट नेलं.

बोट टिळ्याला टेकलं.

…

गेंदाबाई एकदा त्याच्याकडे बघे, एकदा टीव्हीकडे. मी हसलो नाही. पण फार जड गेलं.

“तुम्हीच लावलाय का वो तो म्हाराज?” गेंदाबाईनं विचारलं.

“…हो.”

“तिथंच बरा लावला?”

“मधोमध होतं. काळं, गोल, गुळगुळीत. मला वाटलं, कपाळ.”

“मग पुसा की!”

विश्वंभरानं हात मागे घेतला.

“पुसता येत नाही मावशी. रीत आहे. विधीनं लावलाय. चांगला वाळला की उद्या-परवा आपोआप गळेल. तुम्ही दोन दिवस थांबा.”

“दोन दिस? घराला कुलूप घातलंय मी. किल्ली शेजारी दिली. लेक तिकडं फाट्यावर वाट बघंल.”

“मावशी, पूजा मोडायची म्हणजे…”

“नको म्हाराज, मोडू नका,” ती म्हणाली. आवाज बारीक झाला. “माझ्यापायी देवाचं कशाला मोडता. नसंल माझ्या नशिबात.”

तिनं बोचकं उचललं. एक हात जमिनीवर टेकला, उठायला.

भिकाबाबांनी अंगठा तोंडात घातला. थुंकीनं ओला केला.

आणि टिळा पुसला.

पार पुसला. तांदूळ खाली पडले ते वेचले, दारातल्या चिमण्यांकडे फेकले. अंगठा धोतराला लावला. धोतर आजच धुतलेलं. मीच धुतलेलं.

“बाबा!” विश्वंभर ओरडलाच. “थुंकी! पूजेला!”

बाबांनी त्याच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि गेंदाबाईच्या हातात दिला.

“कुठलं बटण, सांग तिला.”

“…ते वरचं. कोपऱ्यातलं.”

“दाब गेंदे.”

गेंदाबाईनं दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

मुंग्या गेल्या. पडदा निळा झाला. मग अंधार. मग चारी कोपऱ्यांत गुलाबाची फुलं आली. फोटोग्राफर लग्नांचा, त्याला दुसरं काही येत नव्हतं. आणि गुलाबांच्या मधे, मांडीवर पखवाज घेऊन, रावजी.

डोळे मिटलेले. मान डोलतेय. टोपी एका कानावर आलेली.

गेंदाबाईनं बोचकं परत मांडीवर घेतलं आणि मान पुढे काढली.

…



मग म्हणाली, “टोपी बघा. वाकडीच. कितींदा सांगितलं ह्या माणसाला, चार लोकांत बसताना टोपी तरी सरळ करा.”

आणि हसली. पदर तोंडाला लावून हसली, डोळे पुसले, परत हसली. बोचकं मांडीवरनं घरंगळलं, ते तिनं बघितलंही नाही. बोटं मात्र गुडघ्यावर चालली होती, रावजीच्या हाताबरोबर.

मला वाटलं होतं ती रडेल. मी पाण्याचा तांब्या भरून आणला होता. मीच प्यालो.

रस्त्याकडनं हॉर्न ऐकू आला. एसटीचा असेल, ट्रकचा असेल. कोण उठून बघणार.

“ह्येच्या फुडं त्यो माझ्याकडं बघतो,” गेंदाबाई म्हणाली. “मी बायकांत बसलेली हाय. बघा तुमी. डोळं उघडतो आन सरळ माझ्याकडं बघतो.”

भिकाबाबांनी खोबऱ्याचा नवा तुकडा तोंडात टाकला.

विश्वंभराला राहवेना. इतका वेळ तो कोपऱ्यात उभा होता, तोंड पडलेलं. पुढे आला, बाबांच्या समोर हात जोडून उभा राहिला. टीव्हीकडे पाठ.

“बाबा, चुकलं असेल माझं. पण माझा प्रश्न राहिलाच. एवढी पूजा करतो, मग मला दर्शन…”

बाबांनी त्याच्या कमरेशेजारनं मान लांब करून पडद्याकडे बघितलं.

“बाजूला सरक. बाईला दिसंना.”